दमयंतीची पारख

गेली काही वर्षे आमच्या घरांतील मुले इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या वाचू लागली आहेत आणि त्यांवरून निघालेले चित्रपट पाहू लागली आहेत. या कथांत त्यांना एक जात वारंवार भेटते. दिसायला माणसासारखी, पण माणसाहून देखणी. अरण्यात राहणारी, गाणारी, धनुर्विद्येत निपुण, आणि शेकडो वर्षांनीही म्हातारी न होणारी. इंग्रजीत तिला 'एल्फ' म्हणतात. मुले विचारतात, "एल्फ म्हणजे आपल्याकडे कोण?" आणि मोठी माणसे अडखळतात. आम्हीही अडखळलो होतो. त्या अडखळण्यातूनच आजचा विषय निघाला आहे.

परी म्हणावे, तर हा शब्द फारसीतून आलेला. आणि परी म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे पंख असलेली, हातात छडी घेतलेली स्त्री येते. राक्षस म्हणावे, तर एल्फ कोणाला खात नाही. देव म्हणावे, तर त्याचे देऊळ नाही आणि त्याला नवसही कोणी करीत नाही. भूत म्हणावे, तर भूत म्हणजे मेलेला माणूस, आणि एल्फ तर मरतच नाही. तात्पर्य, तो देव, दैत्य आणि भूत या आपल्या तिन्ही परिचित खणांत बसत नाही. तो माणसाच्या अगदी शेजारचा आहे. इतका शेजारचा, की त्याला माणसापासून वेगळे कसे ओळखावे हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो.

आणि हा प्रश्न आपल्याला परका मुळीच नाही. तो याच विदर्भभूमीत, एका स्वयंवराच्या मंडपात, एका मुलीपुढे उभा राहिला होता. तिने तो कसा सोडविला ते पाहण्यापूर्वी पश्चिमेकडचा हा पाहुणा कोठून आला ते थोडक्यात पाहू.

उत्तर युरोपातील जुन्या लोकांत एल्फांवरील श्रद्धा फार पुरातन होती. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसन या पंडिताने जुन्या देवकथा लिहून ठेवल्या, त्यांत उजळ आणि काळे असे दोन प्रकारचे एल्फ सांगितले आहेत. जुन्या इंग्रजी भाषेत सुंदर स्त्रीला 'एल्फासारखी तेजस्वी' असे विशेषण लावीत, आणि आल्फ्रेड या राजनामाचा मूळ अर्थ 'एल्फांची मसलत लाभलेला' असा आहे. पण याच भाषेतील वैद्यकाच्या पोथ्यांत एल्फांमुळे होणाऱ्या दुखण्यांवर उताराही दिला आहे. म्हणजे सौंदर्य आणि भय ही दोन्ही त्याच्या ठायी एकत्र होती. पुढे शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो लहान लहान होत गेला, फुलांत लपणारा खोडकर जीव झाला, आणि शेवटी मुलांच्या पुस्तकांतील चित्रांत जाऊन बसला.

त्याला पुन्हा पुरुषभर उंचीचा केला तो विसाव्या शतकातील लेखकांनी. लॉर्ड डन्सेनी यांनी १९२४ साली एल्फलँडच्या राजकन्येवर कादंबरी लिहिली. तीत माणसांच्या गावाच्या वेशीपलीकडेच असा एक प्रदेश आहे, की जेथे काळ पुढे सरकत नाही. आणि ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जे. आर. आर. टोल्कीन यांनी १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीने एल्फाला आज ओळखीचे असलेले रूप दिले. आज मुले एल्फाचे पहिले लक्षण म्हणून टोकदार कान सांगतात. पण टोल्कीनच्या या कादंबरीत कानांना काही महत्त्वच नाही. तेथील एल्फ बर्फावरून चालतो तेव्हा त्याचे पाऊल बर्फात रुतत नाही. त्याची नजर कोसांवरचे पाहते. तो जागेपणीच स्वप्नात विसावा घेतो. त्याला रोग होत नाही, आणि वय झाले म्हणून तो मरत नाही. ही लक्षणे वाचताना आपल्याला काहीतरी आठवू लागते. पाऊल रुतत नाही, शरीर थकत नाही, फूल कोमेजत नाही. हे आपण आधी कोठे ऐकले आहे?

महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे. विदर्भाचा राजा भीम, त्याची राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेले कौंडिण्यपूर हेच ते, अशी परंपरा आहे. या भीमाची कन्या दमयंती. तिने हंसाच्या तोंडून निषधराज नलाची कीर्ती ऐकली आणि मनाने त्याला वरले. पुढे स्वयंवर ठरले. तेव्हा इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देवही तिच्या अभिलाषेने निघाले. आणि चौघांनीही नलाचेच रूप घेतले. दमयंती माळ घेऊन मंडपात आली, तो समोर एकसारखे पाच नल बसलेले! रघुनाथ पंडितांच्या काव्यामुळे हे आख्यान मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे. तेव्हा कथा आम्ही नव्याने सांगत नाही. फक्त एका जागेकडे लक्ष वेधतो.

वडीलधाऱ्यांकडून देवांची लक्षणे दमयंतीने ऐकलेली होती. तिने ती शोधून पाहिली. पाचांपैकी एकातही ती दिसेनात. म्हणजे पुस्तकी परीक्षा प्रथम निरुपयोगी ठरली. मग तिने हात जोडून सत्याची शपथ घातली: आपण मनाने किंवा वाणीने नलावाचून दुसऱ्या कोणाला वरले नसेल, तर देवांनी आपले खरे रूप दाखवावे. देवांना दया आली, आणि लक्षणे प्रगट झाली. चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या. गळ्यांतील माळा टवटवीत होत्या, त्यांवर धुळीचा कण नव्हता. आणि त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते. पाचवा मात्र घामेजलेला, धुळीने माखलेला होता. त्याची माळ सुकली होती, पापण्या लवत होत्या, पाय भुईवर होते आणि भुईवर त्याची सावली पडली होती. दमयंतीने त्या पाचव्याच्या गळ्यात माळ घातली.

वैशाखातल्या संध्याकाळी घाटाखालून व्याख्यानाला चढून येणाऱ्या श्रोत्याला घाम, धूळ आणि सुकलेली फुले यांचे मोठे कौतुक असण्याचे कारण नाही. पण ही पाच लक्षणे नीट पाहिली, तर ती सगळी एकाच गोष्टीची पाच नावे आहेत असे दिसून येईल. घाम येतो, कारण शरीर झिजते. पापणी लवते, कारण डोळा शिणतो. फूल सुकते, कारण वेळ जातो. धूळ बसते आणि पाय टेकतात, कारण आपण या भूमीचे आहोत. सावली पडते, कारण प्रकाशाला अडविणारे जड शरीर आपल्याला आहे. काळ ज्याच्यावरून जातो आणि जाताना खूण ठेवून जातो, तो माणूस. ज्याच्यावर काळाची खूण उमटत नाही, तो माणूस नव्हे, मग त्याचे रूप कितीही हुबेहूब असो. कुंडिनपूरच्या मंडपातले हे सूत्र ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाच्या एल्फालाही लागू पडते.

काळाचीच गोष्ट पुढे चालवू. युरोपातील लोककथांत असे पुष्कळदा येते, की कोणी माणूस एल्फांच्या नाचगाण्यात एक रात्र घालवितो, आणि परत येतो तो गावात ओळखीचे कोणी उरलेले नसते. आपल्या पुराणांत राजा रैवत आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गायन चालू असते, म्हणून तो क्षणभर थांबतो. गायन संपल्यावर ब्रह्मदेव त्याला सांगतात, की तू मनात योजलेले वर, त्यांचे पुत्र आणि नातू सारे केव्हाच गेले; खाली अनेक युगे उलटली. शेवटी रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. दोन्हीकडे फसविते ते गाणेच. ज्यांना काळ नाही त्यांचे गाणे ऐकताना माणसाचा काळ हरवतो, हा अनुभव संगीतसभेत बसलेल्या कोणालाही थोडाफार येतो. म्हणूनच आम्ही मराठी लोकांनी आपल्या थोर गायकांना 'गंधर्व' म्हटले: नारायणराव राजहंस बालगंधर्व झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, शिवपुत्र कोमकली कुमार गंधर्व झाले. एल्फाला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द नसेल. पण एल्फाचे गाणे म्हणजे काय ते आपल्याला भाषांतराशिवाय कळते.

आता आपल्याकडच्या या शेजाऱ्यांची थोडी मोजदाद करू. गंधर्व गातात, अप्सरा नाचतात, यक्ष धनाची राखण करतात, आणि विद्याधर विद्येच्या बळावर आकाशातून संचार करतात. यांपैकी विद्याधर एल्फाला सर्वांत जवळचे. त्यांची राज्ये आहेत, घराणी आहेत, प्रेमे आणि वैरे आहेत, आणि माणसांशी त्यांचे सोयरसंबंधही होतात. त्यांचा मोठा ग्रंथ म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा'. परंपरा असे सांगते, की ती पैठणास सातवाहन राजाच्या आश्रयाने पैशाची भाषेत रचली गेली, आणि राजाने तिची हेळसांड केल्यावर कवीने सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष श्लोक पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकले. मूळ ग्रंथ आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त त्याचा सारांश उरला आहे. त्याचा नायक नरवाहनदत्त हा माणूस असून विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. म्हणजे अशा मानवसदृशांवरील जगातल्या मोठ्या कथाग्रंथांपैकी एकाचे माहेर, परंपरेच्या म्हणण्याप्रमाणे, आपल्या गोदावरीच्या काठी आहे.

पंडितांच्या ग्रंथांतून हेच जीव खेड्यांत उतरले आणि त्यांची रूपे साधी झाली. विहिरीच्या थारोळ्याशी किंवा नदीच्या डोहाजवळ शेंदूर लावलेले सात दगड दिसतात; त्या साती आसरा. 'अप्सरा' या शब्दाचेच ते घरगुती रूप. यक्षिणीची जखीण झाली. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. आणि युरोपातील खेड्यांतही एल्फांनी मूल पळवू नये म्हणून पाळण्याजवळ लोखंड ठेवीत. हजारो कोस दूर असलेल्या दोन आयांनी एकाच भयापोटी एकच उपाय करावा, याचे नवल वाटते. पण कारण सरळ आहे. पूर्वी बाळंतपणाचे पहिले दिवस आई आणि मूल दोघांनाही धोक्याचे होते, मूल दगावण्याचे कारण कळत नसे, आणि घरात हाताशी असलेली सर्वांत कणखर वस्तू म्हणजे लोखंडच होती.

इतके साम्य दाखविल्यावर एक मोठा भेदही दाखविला पाहिजे. युरोपीय कथांत एल्फ हा जन्माने एल्फ असतो, आणि जन्मभर तोच राहतो. आपल्याकडे यक्ष, गंधर्व किंवा विद्याधर असणे ही बहुधा एक अवस्था असते. पुण्याने माणूस तिथवर चढतो. शाप मिळाला, की विद्याधर खाली येऊन माणसाच्या पोटी जन्म घेतो, आणि शापाची मुदत संपली, की परत जातो. मधली भिंत आहे, पण तिला दार आहे. पश्चिमेकडे ही भिंत अलीकडच्या काळात आणखी पक्की झाली ती खेळांमुळे. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पनेने खेळावयाचा खेळ निघाला. त्यात एल्फ हा एक 'वंश' ठरला, आणि प्रत्येक वंशाला कोणते गुण किती द्यायचे याचे आकडे ठरले. पुढे या शब्दावरच वाद झाला. एखाद्या वंशात जन्मला म्हणून तो अमुक बुद्धीचा आणि तमुक स्वभावाचा, हा विचार खेळातसुद्धा बरा नव्हे, असे खेळणाऱ्यांनाच वाटू लागले; आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकातून 'वंश' हा शब्द गेला. ज्या देशात जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा रोग जुना आहे, त्या देशातील वाचकांना या वादाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मृत्यूकडे वळू. टोल्कीनच्या जगात एल्फ जगाच्या अंतापर्यंत जगाला बांधलेला आहे. शस्त्राने किंवा दुःखाने त्याचे शरीर पडू शकते, पण जगातून त्याची सुटका नाही. माणूस मात्र मरतो आणि जगाबाहेर निघून जातो. कोठे, ते एल्फांनाही ठाऊक नाही. त्या जगाच्या कर्त्याने माणसाला दिलेली ही देणगी आहे, आणि माणसे मात्र तिलाच भितात. टोल्कीनने सांगितले म्हणून मृत्यू गोड होत नाही. पण या कल्पनेमुळे एक मोठी कथा उभी राहते. एल्फकुळातील आर्वेन ही राजकन्या आरागॉर्न या माणसाला वरते आणि त्यासाठी आपले अमरत्व सोडते. वर्षे सुखात जातात. मग आरागॉर्नचा अंतकाळ येतो. तेव्हा तिला पहिल्यांदाच उमगते, की मरण हे एवढे कडू आहे. आणि ज्या माणसांना ती आजवर मरणाला भिणारे मूर्ख समजत होती, त्यांची तिला कीव येते. तो गेल्यावर ती एकटीच एका जुन्या टेकडीवर जाऊन देह ठेवते.

आपल्याकडे उर्वशी आणि पुरूरवा यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. तेथे अप्सरा निघून जाते, आणि माणूस मागे आक्रोश करीत राहतो. कालिदासाला हा शेवट सोसवला नसावा. 'विक्रमोर्वशीया'त त्याने इंद्राकडून अशी परवानगी मिळवून दिली, की राजा जिवंत आहे तोवर उर्वशीने त्याच्यापाशी राहावे. पण 'जिवंत आहे तोवर' या शब्दांतच पुढची सगळी गोष्ट आहे. त्यानंतर उर्वशीचे काय, हे नाटक सांगत नाही.

याच कालिदासाने यक्षाला विदर्भात आणून माणूस केले. 'मेघदूता'तील यक्ष ज्या रामगिरीवर एक वर्षाची शिक्षा भोगतो, तो नागपूरजवळचा रामटेक होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. या यक्षाची नगरी अलका. तेथे आनंदाखेरीज अन्य कारणाने डोळ्यांत पाणी येत नाही आणि तारुण्याखेरीज दुसरे वय नाही. शाप मिळाल्याबरोबर त्याचे सामर्थ्य गेले, तो उडू शकत नाही. आणि विरहाने इतका वाळला, की मनगटातले सोन्याचे कडे गळून पडले. देवांच्या माळेतले फूल सुकत नाही, आणि येथे तर हातातले कडे गळले! अलकेत राहिलेला यक्ष कोणाच्या लक्षात राहिला नसता. रामगिरीवर त्याच्यावरून काळ जाऊ लागला, तो एक एक दिवस मोजू लागला, आणि तेव्हाच त्याच्या तोंडून काव्य आले. महाभारतातील सरोवराकाठचा यक्षही युधिष्ठिराला विचारतो, की जगातले सर्वांत मोठे आश्चर्य कोणते; आणि उत्तर मिळते, की रोज माणसे मरताना पाहूनही मागे राहिलेल्यांना आपण कायमचे राहू असे वाटते. हा प्रश्न माणसाला विचारणारा एक यक्ष असावा, ही योजना फार मार्मिक आहे.

आतापर्यंत कथांच्या सुखाने चाललो. पण या विषयाला एक अंधारी बाजू आहे, आणि तिच्यासाठी आपल्या जिल्ह्यातील लोणारला जाऊ. लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात ते विवर पडले, हे आज सर्वमान्य आहे. पण लोककथा वेगळी आहे. लवणासुर तेथे जमिनीखाली लपून राहत असे. विष्णूने दैत्यसूदन नावाच्या सुंदर तरुणाचे रूप घेतले आणि दैत्याच्या दोन बहिणींना मोहविले. त्यांनी भावाच्या लपण्याची जागा सांगून टाकली. मग देवाने पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडविले आणि निजलेल्या दैत्याला मारले. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेच आहे.

ही कथा कुंडिनपूरच्या कथेशेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे देवांनी माणसाचे रूप घेतले. दमयंतीने ते ओळखले, दैत्याच्या बहिणींना ओळखता आले नाही. पण आम्हांला अस्वस्थ करतो तो आणखी एक भेद. लोणारच्या कथेत त्या बहिणींचे पुढे काय झाले, भाऊ गेल्यावर त्या रडल्या की नाही, हे आमच्या ऐकण्यात कधीच आले नाही. समोरचा 'असुर' आहे हे एकदा ठरले, की त्याच्या घरच्यांचे दुःख विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये खांडववन जाळल्याच्या प्रसंगाचा विचार करताना नाग म्हणजे त्या अरण्यात राहणारी माणसेच असावीत असा अर्थ लावला. तो मान्य असो वा नसो, त्यातून निघणारा प्रश्न टाळता येत नाही: कथेत ज्यांना आपण माणसांतून वगळले, त्यांतली किती खरोखर माणसेच होती? आपल्या गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती 'भिलठाणा' अशी, म्हणजे भिल्लांचे ठाणे अशी सांगतात. तेव्हा या प्रश्नापासून आपण फार लांब नाही.

प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांपुरता असता तर पंडितांवर सोपविता आला असता. १८९५ सालच्या मार्च महिन्यात आयर्लंडमधील टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण स्त्री आजारी पडली. ती कपडे शिवून स्वतःची मिळकत करणारी, टापटिपीने राहणारी होती. तिच्या नवऱ्याने असे घेतले, की ही आपली बायको नव्हेच. तिला त्या अदृश्य लोकांनी पळवून नेले आहे आणि तिच्या रूपाची कोणी दुसरीच घरात ठेवली आहे. नातेवाइकांच्या देखत तिला धरून कडू काढे पाजण्यात आले, तिला आगीजवळ नेण्यात आले, आणि 'तू खरीच ती आहेस का' असे पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. शेवटी ती जळून मेली. न्यायालयाने नवऱ्याला वीस वर्षांची शिक्षा दिली, त्यांतली पंधरा त्याने भोगली. हे घडले तेव्हा त्या देशात आगगाड्या, तारायंत्रे आणि वर्तमानपत्रे होती.

दूरच्या देशाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. आपल्याकडेही एखाद्या बाईला डाकीण ठरविणे, तिने करणी केली म्हणून तिला मारणे, गावाबाहेर काढणे हे चालत आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा ती सैतानाचा अवतार आहे असे जाहीर करून तिचे जिणे अवघड करणे हा त्याखाली गुन्हा आहे.

येथे कोणी म्हणेल, की मग या साऱ्या कथाच टाकून द्याव्यात. मुलांना एल्फही नको आणि आसराही नकोत. आम्हांला तसे वाटत नाही. दोष कथेचा नाही, परीक्षेच्या दिशेचा आहे. दमयंतीनेही परीक्षा केली आणि त्या आयरिश नवऱ्यानेही केली. दमयंती पाच रूपांमधून माणूस शोधीत होती, आणि त्याच्या अंगावरचा घाम व धूळ पाहून तिला त्याची खूण पटली. तो नवरा आपल्या माणसात अमानुष काही शोधीत होता, आणि तिचे आजारपण, तिची चिडचीड, तिचा अशक्तपणा, म्हणजे माणूसपणाच्याच खुणा, त्याने उलट तिच्याविरुद्ध धरल्या.

म्हणून नलोपाख्यानाचा उत्तरार्ध मुलांना अवश्य सांगावा; तो पुष्कळदा गाळला जातो. दमयंतीने माणूस निवडला त्याची किंमत तिला मोजावी लागली. कलीने नलाच्या अंगात प्रवेश केला. नल द्यूतात राज्य हरला, आणि अरण्यात निजलेल्या पत्नीला टाकून निघून गेला. देवाला वरले असते तर हे घडले नसते. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने नल कुरूप झाला आणि बाहुक या नावाने परक्याचा सारथी होऊन राहिला. त्याच वेषात तो विदर्भात आला. दमयंतीला संशय आला, आणि तिची दुसरी पारख सुरू झाली.

तिने केशिनी नावाच्या दासीला पाहणी करायला पाठविले. केशिनी येऊन सांगू लागली, की या सारथ्याच्या वागण्यात सारी लक्षणे माणसापलीकडची आहेत. ठेंगण्या दारात तो वाकत नाही, दारच उंच होते. त्याने पाहताच रिकामी भांडी पाण्याने भरतात. हातात धरलेली गवताची काडी आपोआप पेटते. आणि कुस्करलेली फुले अधिकच टवटवीत होतात. ही स्वयंवरात देवांनी नलाला दिलेल्या वरांची आणि त्याच्या अंगच्या सामर्थ्याची चिन्हे होती. पहिल्या वेळी नलाची माळ सुकली होती. आता त्याच्या हातात फुले सुकत नव्हती. जुन्या परीक्षेने पाहिले असते तर हा माणूसच ठरला नसता.

दमयंती तेवढ्यावर थांबली नाही. तिने त्याच्या हातचे अन्न आणवून चाखून पाहिले. चव ओळखीची निघाली. मग तिने आपली दोन मुले केशिनीबरोबर त्याच्याकडे धाडली. मुलांना पाहताच बाहुक धावला, त्याने त्यांना पोटाशी धरले आणि तो मोठ्याने रडू लागला. केशिनीने हे येऊन सांगितले, तेव्हा दमयंतीची खात्री पटत आली आणि तिने त्याला आपल्यासमोर बोलावून घेतले.